पोतनीस सरांचा अर्धा मार्क

पोतनीस सरांनी आयुष्यात कोणाला गणितात पूर्ण मार्क दिले नाहीत. ते गेल्यावर मी हे बोलते आहे असं कोणी समजू नये, ते असतानाही अख्खा जुनी इंदूर मोहल्ला हेच म्हणायचा. पन्नासचा पेपर असला तर साडेएकोणपन्नास, शंभरचा असला तर साडेनव्याण्णव. उत्तर बरोबर, पायऱ्या बरोबर, अक्षर मोत्यासारखं, तरी शेवटच्या पानावर लाल पेनाची एक छोटी आडवी रेघ असायचीच. तो अर्धा मार्क कशाचा, हे विचारून फारसा उपयोग नव्हता. “पूर्ण दिला की पोरगं थांबतं,” एवढंच उत्तर मिळायचं.

मी दहावीला त्यांच्याकडे शिकवणीला जायचे, तेव्हाची गोष्ट. एका मुलाचे वडील, कपड्याचे मोठे व्यापारी, उत्तरपत्रिका घेऊन तावातावानं आले. सतरंजीवर बसलेले आम्ही सगळे कान टवकारून बसलो.

“माटसाब, गलती तो बताओ. छोरे का आधा नंबर किस बात का काटा?”

सरांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पेपर पुन्हा तपासला. शेटजी तोवर उभेच. मग सर शांतपणे म्हणाले, “एक भी गलती नहीं है, सेठ. इसीलिए आधा काटा. गलती होती तो पूरा काटता.”

शेटजी हसले आणि पुढच्या महिन्यात धाकट्यालाही घेऊन आले.

सर अंगानं काटकुळे. अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, गळ्याशी बटण लावलेलं, आणि खिशात कायम लाल पेन. लग्नाला गेले तरी खिशात लाल पेनच. सकाळचं वर्तमानपत्रही ते हातात पेन घेऊनच वाचत, आणि बातमीतला एखादा टक्का चुकला की त्याभोवती गोल काढून पुढे जात. त्यांचे पूर्वज म्हणे दरबारात खजिना सांभाळायचे. खजिना गेला, दरबार गेला, हात आखडता धरायची सवय तेवढी घराण्यात राहिली. सरांच्या बाबतीत ती पैशाची नव्हती. गरिबाच्या पोराची फी त्यांनी कधी विचारली नाही. त्यांचा हात आखडायचा तो कौतुकात.

त्यांच्याकडे चारच शब्द होते. सगळ्यात खाली ‘हं’. त्याच्या वर ‘चालेल’. मग ‘ठीक’. आणि सगळ्यात वर, क्वचित, सणासुदीला निघावं तसं, ‘बरं’. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी शैलाताई, आम्हाला शेव-परमलची, म्हणजे शेव-मुरमुऱ्यांची ताटली देताना सांगायच्या, “मला बघायला आले ना, तर आईंना म्हणाले, ‘बरी आहे.’ बस, इतकंच. त्यावर मी अख्खा संसार केला, बाई.” आम्ही हसायचो. सर आतल्या खोलीतून म्हणायचे, “मग काय चुकीचं सांगितलं?”

मुलांना ते नावानं हाक मारत नसत, मोहल्ल्यानं मारत. “बडा गणपती, बाहेर काय बघून राहिलास?” “ए राजेंद्र नगर, तू सांग.” राजेंद्र नगर म्हणजे मी. बाबा मला तिथून स्कूटरवर आणून सोडत. आणि सरांचा एक नियम होता: प्रश्न ऐकल्यावर पेन उचलायचं नाही. आधी अंदाज सांगायचा. उत्तर दहाच्या आसपास असेल की हजाराच्या, हे तोंडानं बोलल्याशिवाय कागदाला हात लावायचा नाही. “अंदाज चुकला तर हिशोब कितीही करा, गाडी चुकीच्या गावालाच जाणार,” असं त्यांचं म्हणणं. माझा अंदाज बहुतेक वेळा चुकायचा. दहावी झाली आणि मी गणिताला कोपरापासून नमस्कार केला.

पण गणिताचं भूत उतरत नाही, फक्त दबा धरून बसतं. पुढे मी बी.ए. केलं, एका नमकीन कंपनीत लागले, कोणत्या गावाला किती शेव पाठवायची ते ठरवायचं काम मिळालं, आणि दोनेक वर्षांनी माझ्या डोक्यात शिरलं की आपण बिझनेस स्कूलला जायचं. एकच स्कूल मनात धरलं होतं. प्रवेश परीक्षा दिली. भाषेत उत्तम आले, गणितात सपशेल आपटले. परत दिली. भाषेत आणखी उत्तम, गणित जिथल्या तिथे.

अशा वेळी काय करायचं ते सांगणारे गल्लोगल्ली भेटतात. सगळ्यांचं म्हणणं एकच: स्कोर कमी आहे ना, मग दुसरीकडून दाखव की तुला आकडे येतात. स्टॅटिस्टिक्सचा एखादा सर्टिफिकेट कोर्स कर आणि त्यात चांगली ग्रेड आण. ऑफिसात आकड्यांचं काम मागून घे. आणि शिफारस अशा माणसाची घे, जो तुझ्या गणिताबद्दल छातीठोक बोलेल. कोर्स मी लावला, काम मागून घेतलं, आणि माझ्या गणिताबद्दल बोलू शकेल असा पृथ्वीवर एकच माणूस होता, म्हणून एका रविवारी जुनी इंदूरमध्ये जाऊन सरांची कडी वाजवली.

काकू जाऊन तेव्हा बरेच दिवस झाले होते. खोली तीच, सतरंजी तीच, मुलं नव्हती. सरांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

“मतलब, परीक्षेत गणित आलं नाही, म्हणून भलतीकडून सिद्ध करायचं की गणित येतं?”

“हो सर.”

“तिसऱ्यांदा परीक्षा का नाही देत?”

“नको सर. टेन्शनच येतं मला.”

“हं,” सर म्हणाले. मग, “बस. राजेंद्र नगर ना तू? सांग. उज्जैनला ताशी चाळीसनं गेलीस, साठनं परत आलीस. सरासरी वेग किती?”

“पन्नास,” मी पटकन म्हणाले.

“हळू चाललीस तेव्हा रस्त्यावर जास्त वेळ होतीस की कमी?”

“जास्त.”

“मग सरासरी कोणाकडे झुकणार? ज्याच्यासोबत जास्त वेळ काढला त्याच्याकडेच ना? पन्नासच्या खाली येणार. अठ्ठेचाळीस. आधी अंदाज, राजेंद्र नगर.”

अशी माझी शिकवणी पुन्हा सुरू झाली. ऑफिसच्या आधी, सकाळी. मी आठवड्याचा कोर्स घेऊन जायचे आणि सर तो माझ्याच शेवेत कालवून मला परत द्यायचे. “मंदसौरला रोज किती पेट्या जातात?” कधी वीस, कधी ऐंशी, मी सांगितलं. “आणि देवासला?” जवळजवळ रोज पन्नास. “दोघांची सरासरी पन्नास. मग तुझी झोप कोण उडवतो?” मंदसौर, अर्थातच. पुस्तकात ज्या गोष्टीला लांबलचक सूत्र होतं ती मला तिथे, सतरंजीवर, मंदसौरच्या नावानं कळली. ऑफिसात मी मंदसौरसाठी जास्तीचा माल राखून ठेवायची पद्धत लावली आणि तिथली ओरड थांबली. हे मी सरांना सांगितलं. ते खिडकीबाहेर बघत बसले. गल्लीतून दोन स्कूटर गेल्या. मग म्हणाले, “बरी आहेस.”

मी त्या दिवशी ऑफिसला गेले ते जमिनीवरून गेले असं मला वाटत नाही.

कोर्सला चांगली ग्रेड आली. मग शिफारशीची वेळ आली. ते सगळं कॉम्प्युटरवर भरायचं होतं, म्हणून सरांनी शेजारच्या शर्माजींच्या मुलीला बसवलं आणि स्वतः बाजूला बसून, प्रत्येक प्रश्नावर विचार करून भरलं. मला ते बघता येणार नव्हतं, तसा नियमच होता. पण सरांच्या पोटात कुठलं राहायला! दुसऱ्या दिवशी मी गेले तर समोर जिलबीची पुडी. सरांनी जिलबी आणली आहे, हे दृश्यच मी कधी पाहिलं नव्हतं.

“पाच खाने होते,” ते बोटांवर मोजत म्हणाले. “सगळ्यात खाली, साधारणपेक्षा कमी. मग साधारण. मग चांगली. मग फार चांगली. आणि सगळ्यात वर, आजवर पाहिलेल्यांत सर्वोत्तम. शर्माजींची पोरगी म्हणे, माटसाब, ऊपर वाला कर दो. मी म्हटलं, नाही. खरं ते लिहायचं. मी सगळीकडे ‘चांगली’ दिलं.” मग जवळजवळ लाजत म्हणाले, “कोणाला आजवर लिहिलं नव्हतं.”

मी हातातली जिलबी पुडीत परत ठेवली. त्या जगात शिफारस करणारे सगळे वरच्याच दोन खान्यांत खुणा करतात, आणि मधला खाना म्हणजे सभ्य भाषेतला नकार, हे मला ठाऊक होतं. सरांना कसं ठाऊक असणार? त्यांनी आपल्या तिजोरीतला सगळ्यात मोठा दागिना काढून दिला होता. मी वाकून नमस्कार केला, थँक्यू सर म्हणाले आणि घरी येऊन रडले.

स्कूलनं नाही म्हटलं. कारण त्यांनी लिहिलं नव्हतं, ते कधीच लिहीत नाहीत. पण मला कारण हवंच होतं, आणि ते हाताशी तयार होतं. आईजवळ मी त्या पाच खान्यांची कथा सांगितली. गणितात मी दोनदा आपटले होते याचा उल्लेख त्या कथेत फारसा नव्हता. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण आमच्या घरात रोज कोणाला तरी लावली जाते. त्या दिवशी मात्र कोणाला आठवली नाही.

दुसऱ्या दिवशी आई चपला घालू लागली. ती कुठे निघाली आहे हे मला कळलं होतं. मी दारात उभी होते. जाऊ नकोस, एवढं म्हणायला काय लागतं? मी म्हणाले नाही. ती परत आली तेव्हा तिचाच चेहरा उतरला होता.

“बोलले मी सीधी बात,” ती म्हणाली. “म्हटलं, सर, पोरीचा भरवसा होता तुमच्यावर. तुमच्या मधल्या खान्यानं तिचं साल गेलं.”

“मग? काय म्हणाले?”

“काही नाही गं. म्हणाले, मधला म्हणजे कमी धरतात का? मी म्हटलं, हो, कमीच धरतात. मग स्वतः उठून पाणी आणून दिलं मला.” आई पलंगावर बसली. “नव्हतं जायला पाहिजे यार मी.”

पुढच्या रविवारी सर आमच्या घरी आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. सिटी बसनं, पत्ता विचारत विचारत, इस्त्रीचा शर्ट घालून. बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसले. आणि म्हणाले, “मृणाल.”

सरांना माझं नाव माहीत आहे, हेच मला माहीत नव्हतं. इतकं परकं मला माझं नाव कधी वाटलं नव्हतं.

“मला समजलं नाही, मृणाल. मला वाटलं, चांगलं म्हणजे चांगलं. लोक बाहेर काय भाव लावतात ते मी कधी पाहिलंच नाही. मी आपला माझ्याच तराजूत सगळ्यांना तोलत बसलो.” आईनं आणलेल्या चहाकडे ते बघत राहिले. “शैलाला पण मधलाच खाना दिला मी. जन्मभर. आता तिला कुठून भरून देऊ?”

आई गुपचूप आत निघून गेली. मी तिथेच होते. सर, स्कोर माझाच कमी होता, हे एक वाक्य मी त्या वेळी बोलायला हवं होतं. ते खरंही होतं आणि त्यांना त्याची गरजही होती. मी काय म्हणाले? “जाऊ द्या, सर.” जाऊ द्या म्हणजे चूक तुमचीच, फक्त मी मोठ्या मनाची. ते शब्द आजही आठवले की मला माझीच लाज वाटते.

त्यानंतर सरांनी जे आरंभलं त्यानं जुनी इंदूर चक्रावून गेली. ते लोकांचं कौतुक करायला लागले. कोपऱ्यावरच्या पोहेवाल्याला म्हणाले, “भिया, पोहे एकदम बढ़िया.” वर्षानुवर्षं त्यांनी नुसती मान हलवलेली पाहणारा तो पोहेवाला हातातला झारा ठेवून शर्माजींकडे गेला आणि विचारू लागला, “माटसाब की तबीयत तो ठीक है ना?” कचरागाडीवाल्याला शाब्बास, दूधवाल्याला वा. मग बडा गणपतीपाशी हार्डवेअरचं दुकान असलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे पायी गेले. तो आता केस पांढरे झालेला गृहस्थ. त्यानं कुठून तरी माझा नंबर मिळवून मला फोन केला. “मॅडम, आप माटसाब के यहाँ जाती हो ना? आज दुकान पे आए थे. ग्राहक खड़े थे, सबके सामने बोले, तू होशियार था, मैंने कभी बोला नहीं. फिर चले गए.” मग जरा घसा खाकरून, “सब ठीक है ना उधर?”

मी म्हटलं, ठीक आहे. ठीक काही नव्हतं. ते गावभर फिरून जे वाटत होते त्याची सुरुवात आमच्या घरातून झाली होती.

मी पुन्हा त्यांच्याकडे गेले तर म्हणाले, “यंदा परत भर अर्ज. मी सगळीकडे सगळ्यात वरचा खाना करतो. तू म्हणशील ते लिहितो.” मला वर्षापूर्वी हेच तर हवं होतं. आता त्यांच्या तोंडून ते मला ऐकवेना. मी म्हणाले, “शिफारस ऑफिसातून घेते, सर. आणि परीक्षा परत देते.”

“तिसऱ्यांदा?”

“तिसऱ्यांदा.”

शिकवणी सुरू झाली, पण ती शिकवणी राहिली नव्हती. एक गणित सुटलं की “वा, मृणाल.” दुसरं सुटलं की “छान, फारच छान.” अडखळले तरी “काही हरकत नाही, जवळ पोचलीस.” त्या कौतुकानं माझा गोंधळच व्हायला लागला. वा ऐकल्यावर मला कळेना, की गणित बरोबर आलंय की सरांना अजून वाईट वाटतंय. त्यांच्या जुन्या ‘हं’ची मला इतकी आठवण येईल असं वाटलं नव्हतं. पण त्यांना थांबवायचं तर ते न बोललेलं वाक्य बोलावं लागलं असतं. मग मी रात्री घरी सगळी गणितं पुन्हा तपासायचे, सरांचा जुना आवाज आठवून: आधी अंदाज, राजेंद्र नगर.

पुढचं आधीच सांगून टाकते. परीक्षेत या वेळी गणित बरं गेलं. स्कोर मी सरांना फोनवर कळवला, तेव्हा ते छातीच्या दुखण्याच्या इलाजासाठी मुलाकडे पुण्याला गेलेले होते. प्रवेशाचं पत्र आलं तेव्हा कळवायला सर राहिले नव्हते. शिफारशीतल्या त्या पहिल्या मधल्या खान्यानं माझं खरंच काही बिघडवलं होतं का, हे मला कधी कळणार नाही. सरांचं मात्र बिघडलं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते परीक्षेच्या आदल्या सकाळी. कोपऱ्यात पुण्याची बॅग भरून ठेवलेली. त्यांनी माझ्यासाठी पन्नास मार्कांचा पेपर स्वतःच्या हातानं काढला होता. मी तो सतरंजीवर बसून सोडवला. सरांनी तपासला. भराभर बरोबरच्या खुणा करत गेले आणि वर लिहिलं: पन्नासपैकी पन्नास.

 त्या घरात तो आकडा कोणी पाहिला नव्हता. मग मी पानं उलटली आणि एका गणितापाशी थांबले. रिंग रोडचं अर्धं अंतर ताशी तीसनं, उरलेलं अर्धं साठनं, सरासरी वेग किती? मी घाईत लिहिलं होतं, पंचेचाळीस. पुढे सरांची खूण, बरोबर.

उज्जैनचंच गणित ते. हळू चालताना जास्त वेळ जातो, मग सरासरी खाली झुकणार, चाळीसच येणार. हे ज्यांनी मला शिकवलं त्यांच्या नजरेतून ते सुटणं शक्यच नव्हतं.

“सर, हे चुकलंय.”

त्यांनी पेपराकडे पाहिलं नाही. “असू दे.”

“सर, पंचेचाळीस कसं येईल?”

“दिसलं मला, मृणाल,” ते हळू आवाजात म्हणाले. “उद्या तुझी परीक्षा आहे. आज मी कुठे कापाकापी करू?”

चुकीच्या उत्तराला बरोबर म्हणण्यापर्यंत मी त्यांना आणलं होतं. मला भडभडून आलं. मी म्हणाले, “सर, मागच्या वर्षी स्कोरच माझा कमी होता. दोनदा कमी होता. तुमच्या खान्यावर मी फुकट ढकललं. आईलाही मी अर्धंच सांगितलं.”

 बाहेर कचरागाडीचं गाणं वाजत गल्लीतून गेलं आणि दूर गेलं. मी हात पुढे करून त्यांच्या खिशातलं लाल पेन काढलं, पंचेचाळीसवर काट मारली आणि वरच्या पन्नासावर रेघ ओढून एकोणपन्नास लिहिलं.

त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पुन्हा तपासला, अगदी सावकाश, आणि मी उभीच राहिले. मग माझ्या हातातून पेन घेतलं.

“बाकी सगळं बरोबर आहे,” ते म्हणाले. “त्याचा अर्धा.”

एकोणपन्नास खोडून त्यांनी साडेअठ्ठेचाळीस लिहिलं, पेनाला टोपण लावलं, ते खिशात अडकवलं आणि पेपर माझ्यापुढे धरला.

“बरी आहेस, राजेंद्र नगर.”